चढावरचा करपट वास

आत्याच्या नव्या घरापर्यंत चिमीने गाडी निर्विघ्न नेली, तर सोमवारपासून किल्ली तिची, असं बाबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. सोमवारी तिची डेअरीतली नोकरी सुरू होणार होती. डेअरी शहराबाहेर, माळावर. तिथे बस जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे बाबांनी तिला रोज सोडायचं आणि आणायचं. या कल्पनेने बाबा सोडून कोणालाच आनंद झाला नव्हता.

चिमी चालवत होती. शेजारी बाबा, मागे आई आणि आत्या. पहिला चढ संपता संपता आत्याने नाक वर केलं.

"काहीतरी जळतंय," ती म्हणाली. "कपड्यावर इस्त्री विसरल्यासारखं."

आईने लगेच दूध गॅसवर राहिल्याचं जाहीर केलं. घर केव्हाच मागे पडलंय, तिथला वास इथे कसा येईल, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. तिने शेजारणीला फोन लावून किल्लीने आत जायला सांगितलं. शेजारणीने कळवलं की गॅस बंद आहे, पण बैठकीतला पंखा रिकाम्या खुर्च्यांना वारा घालतोय. पंखा बाबांच्या खात्यात येत असल्यामुळे आईने त्यांना थोडं ऐकवलं. वास तसाच राहिला.

बाबांचं निदान तयार होतं. "क्लच जाळलास," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण पुरेसं नव्हतं.

पुढे एक ट्रक धूर सोडत चालला होता. चिमीने त्याला बराच पुढे जाऊ दिलं. वास गेला नाही. काचा उघडल्या, एसी बंद केला. वास बाहेरूनच येत होता. इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध, म्हणजे तिथे आलबेल. मग सपाट रस्त्यावर तिने वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. क्लच घसरत असता तर इंजिनने नुसता आरडाओरडा केला असता. इथे इंजिन कण्हत होतं, जणू कोणी मागून गाडीचा सदरा धरून ठेवलाय.

तिने रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून गाडी थांबवली आणि खाली उतरून चाकांजवळ हात नेला. पुढची चाकं कोमट. मागच्या चाकांजवळ हात ठेवता येईना, आणि वास तिथलाच. पायाचा ब्रेक चिकटला असता तर पुढची चाकंही अशीच तापली असती. फक्त मागची दोन तापायला एकच कारण उरत होतं.

तिने खिडकीतून आत वाकून पाहिलं. बाबांचा हात हँडब्रेकवर होता आणि हँडब्रेक, जो फक्त मागची चाकं धरतो, तो अर्धा वर.

"मी फक्त हात ठेवतो," बाबा म्हणाले. "आधाराला."

"दादा, मघापासून कटकट वाजत होतं," आत्या म्हणाली. "मला वाटलं तुझे गुडघे."

हँडब्रेकचा लाल दिवा लागायला हवा होता. तो लागलाही होता, पण त्याच्यावर काळी चिकटपट्टी होती. दिवा सारखा डोळ्यांत खुपतो, म्हणून बाबांनीच ती मागे कधीतरी लावली होती. म्हणजे हा आधार जुना होता.

"वळणावर तू ऐंशीने होतीस," बाबा म्हणाले.

"चाळीसने, बाबा."

"शेजारी बसल्यावर ऐंशी वाटतात."

तिने हँडब्रेक पूर्ण खाली केला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि चाकाला दगड लावला. बाबा पाण्याची बाटली घेऊन चाकांकडे निघाले, तेव्हा तिने बाटली काढून घेतली. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. आपोआप निवू द्यायचं, एवढाच उपाय. सगळे रस्त्याकडेला बसले. आईने केळी वाटली. बाबांना सर्वांत काळं मिळालं.

ते खाऊन बाबांनी मुद्दा काढलाच. प्रवास निर्विघ्न व्हायचा होता. विघ्न आलं. ठरलं ते ठरलं.

"विघ्न पुढच्या सीटवर बसलं होतं," चिमी म्हणाली.

बाबांनी निवाड्यासाठी बायकोकडे पाहिलं. ती केळ्याची सालं पिशवीत भरत होती. "अहो, तुम्ही मागे बसा," ती म्हणाली आणि स्वतः पुढे जाऊन बसली.

उरलेला रस्ता वळणांचा होता. गाडी हलकी चालत होती, वास नव्हता. बाबांच्या हाताला मात्र काम उरलं नव्हतं. पहिल्याच वळणाला त्यांनी आत्याचं मनगट पकडून वर ओढलं.

"दादा, मला ओढून गाडी थांबणार नाही," आत्या म्हणाली. पुढच्या वळणाला तिने त्यांच्या हातात स्वतःची पर्स दिली. पर्सचा बंद घर येण्याआधी तुटला.

आत्याच्या दारात सगळ्या उतरल्या. बाबा आतच बसून राहिले. मग त्यांनी चिमीला हाक मारली, तिच्या हातातला जुडगा मागून घेतला, त्यातून घराची किल्ली काढली, कपाटाची काढली, आणि गाडीची एकटी उरली ती तिच्या तळहातावर ठेवली.

"सोमवारी पोचलीस की फोन कर."

"करते."

"निघतानाही."

"करते."

"आणि मधे—"

"मधे मी गाडी चालवत असेन, बाबा."

बाबांनी यावर विचार केला. मग ते दार उघडून उतरले.