मुकी गाडी

माझं तोंड सोलापूरच्या सगळ्या शुक्रवार पेठेत ठाऊक होतं. मी परसात ओरडले की गिरणीचा भोंगा झाला असं समजून माणसं डबे उचलतात, अशी शेजारणींची थट्टा. त्यामुळे आमच्या महिपतीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या एकच बोलल्या, "मथुराबाई, तुमच्या तोंडापुढं सून टिकायची न्हाय." मला ते फार लागलं. सिद्धेश्वराच्या पायरीवर शपथ घेतली, सुनेला वाकडा शब्द बोलायचा नाही. आणि वाकडं सोडून मला दुसरं काही बोलताच येत नसल्यामुळे मी गप्पच बसले.

राजाबाई आजऱ्याकडची, डोंगरातली पोर. ती आली आणि घर चिडीचूप झालं. भाकरी करपली, मी गप्प. दूध उतू गेलं, तरी गप्प. घरातल्या बाकीच्यांनाही मी डोळे वटारून गप्प केलं. पोर मात्र सुकत चालली.

श्रावण लागला आणि पंचमीच्या सणाला तिला न्यायला तिचे वडील, हिंदुराव, आले. पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "विहीणबाई, पोर रमलेली दिसत न्हाई. पंचमीनंतर धाडायची का न्हाई, ते बघू."

चार गोड शब्द बोलले नव्हते तिच्याशी, पण जीव तिच्यावर जडला होता. ती परत आली नाही तर काय, या विचारानं मला सुचेना.

हिंदुराव बाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडं धबधबं, करवंदाच्या जाळ्या. हितं माळाबिगर बघायला हाय तरी काय?"

"माळढोक हाय," मी म्हणाले.

राजाबाईनं मान वर केली. "ते काय असतंय?"

"पाखरू. कमरेएवढं उंच. ह्या दिसात नाचतं."

"कमरेएवढं? आन् उडतंय?" इतक्या महिन्यांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तिथल्या तिथं ठरवलं, हिला माळढोक दाखवायचाच.

हिंदुरावांना आग्रहानं थांबवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नान्नजला माझ्या धाकट्या भावाकडे, तात्याबाकडे, मुक्कामाला गेलो. माळढोकाच्या शिकारीला साहेब लोक मोटारीनं यायचे, पण मोटार गावातच ठेवून माळावर तात्याबाच्या बैलगाडीतून जायचे. कारण चालता माणूस दिसला की हा पक्षी कोसावरून उडतो, बैलगाडीला मात्र भीत नाही. गाडी त्याच्याभोवती फिरवायची आणि फेरा लहान लहान करत जवळ न्यायचं, ही तात्याबाची रीत. पहाटे त्यानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून गाडीतल्या गवताखाली टाकल्या, चाकांना वंगण घातलं आणि दम दिला, "कुनी शब्द बोलायचा न्हाय."

पाहुण्याला असल्या मुक्या गाडीतून न्यायचं मला मुळीच पटलं नाही. पण गप्प राहायची सवय झाली होती.

उजाडलं तेव्हा कुसळी गवतात लांबवर पांढरी मान दिसली. राजाबाई गाडीच्या कठड्याला धरून ओणवी झाली. एक फेरा झाला. दुसऱ्याला पाखरानं मान ताठ केली. आमची गाडी सापासारखी सरकत होती. तिसरा फेरा अर्धा होतो न होतो तोच ते पंख पसरून उठलं आणि टेकाडापलीकडे गेलं.

"झालं?" हिंदुराव म्हणाले. "चला, परत जाऊन आगगाडी पकडायची हाय."

राजाबाई पुन्हा खाली मान घालून बसली, अगदी घरी बसायची तशी. ते बघितलं आणि माझी शपथ कुठल्या कुठं गेली.

"तात्याबा, मेल्या!" मी गाडीतून खाली उडी मारली. "माज्या व्याह्याला मुक्या गाडीत घालून आनलास! मयताला चाललोय व्हय आपन? आन त्या माळा हिकडं!" गवताखालच्या माळा ओढून मी स्वतः बैलांच्या गळ्यात बांधल्या, आणि बांधताना त्याचा, त्याच्या साहेबांचा, त्यांच्या बंदुकांचा उद्धार केला. परतीच्या वाटेवर घुंगरं खणखणत होती आणि माझं तोंड त्यांच्याही वर.

टेकाडाला वळसा घातला तर वाटेपासून चार कासऱ्यांवर तोच माळढोक उभा.

मी ओरडतच होते आणि तो जागचा हलला नाही. आमच्याकडे एकदा बघितलं, शेपटी पाठीवर उलटी घेतली, गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवली, ती पार गुडघ्यापर्यंत लोंबू लागली. मग पिसं फुलवून तो मुरकत फिरला आणि सगळ्या माळावर खोल हुंकार घुमला.

तात्याबानं कपाळावर हात मारला. "आक्का, घुंगरांची गाडी म्हंजे शेतकऱ्याची, रोजची. मुक्या गाडीत बंदूकवालं असत्यात. पाखरू तेच शिकलं की गं!"

राजाबाई हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आत्याबाई, तुमी वरडता व्हय? मला वाटलं, मी नकोशी झालीय. घरात कुनी रागंबी भरंना."

मला रडू आलं. ते लपवायला मी म्हणाले, "भाकऱ्या करपवतीस रोज, अन् वर असलं मनात आनतीस? अक्कल गहाण टाकलीस काय?"

हिंदुराव तात्याबाला म्हणाले, "जरा थांबवा गाडी. बघू द्या की नीट."

सोलापूर ठेसनात आगगाडी सुटताना मी सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडले, "पुनवंच्या आत आली न्हाईस तर बघ!"

डब्यातली माणसं वळून बघायला लागली. राजाबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली, "येती की! एवढ्या कशाला बोंबलताय?"

घरी येईपर्यंत मी वाटेत भेटेल त्याला सांगत होते, माझी सून मला उलटून बोलली.