दोन घरची पाहुणी

हिवाळ्याच्या सुट्टीची नोटीस लागली आणि मुलींचं हॉस्टेल भराभर रिकामं व्हायला लागलं. जिन्यावरून चाकांच्या बॅगा धडधडत उतरत होत्या. मनीची बॅग मात्र पलंगाखालून हलली नव्हती.

मनीचे आईबाबा वेगळे होऊन दोन वर्षं झाली होती. आई लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स, बाबा गाडी चालवायला शिकवायचे, आणि आता दोघं दोन गावांत राहत होते. मागच्या वर्षी मनीने निम्मी सुट्टी इकडे काढली, निम्मी तिकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. तिच्या बाबतीत उलटंच झालं. आईने पोटाला तड लागेपर्यंत खाऊ घातलं. बाबांकडे पोचली, तर "वाळलीस गं," म्हणत त्यांनी पुन्हा ताट वाढलं. पण एका घरात हसलेलं दुसऱ्या घरात सांगायची चोरी. त्या सुट्टीहून ती इतकी थकून परतली, की दोन दिवस नुसती झोपून होती.

म्हणून यंदा तिने दोघांना फोन केला. "मी कुठेच येत नाही. रविवारी तुम्हीच माझ्याकडे या."

"तेही येणार आहेत?" आईने विचारलं.

"हो."

"मग मी सोमवारी येते."

"सोमवारी पाहुण्यांना वर सोडत नाहीत, आई." आणि ते खरंच होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बघतो." बाबांच्या 'बघतो'चा अर्थ हो की नाही, हे आईलाही इतक्या वर्षांच्या संसारात उमगलं नव्हतं.

"पाहुणे येणार आणि खोलीचा हा अवतार?" जिराफ म्हणाली. जिराफ म्हणजे मनीची खोलीतली जोडीदारीण. स्टुलावर न चढता पंख्याची धूळ पुसायची, म्हणून हे नाव. तिची गाडी शनिवारी संध्याकाळची होती, तोवर ती कामाला लागली. दोघींनी जुन्या जर्नलांची रंगीत कव्हरं कापून लांबच लांब कागदी साखळी केली. आवारात पडलेल्या वाळक्या फांद्या आणून पांढऱ्या रंगात बुडवल्या आणि बादलीत उभ्या केल्या. बिस्किटांच्या पुड्यांच्या आतल्या चकचकीत कागदाच्या चांदण्या झाल्या. दिव्यांची माळ शेजारच्या खोलीतल्या मुलीने जाता जाता देऊन टाकली. उरला भिंतीवरचा ओलीचा तपकिरी डाग. जिराफने तो जरा मान तिरकी करून पाहिला, खडूने त्याच्या टोकावर पांढरं फासलं, आणि डागाचा बर्फ पडलेला डोंगर झाला.

"आता भांडले तरी निदान देखाव्यात भांडतील," जाताना ती म्हणाली.

रविवारी आधी बाबा आले. हातात मोठा केक, गळ्यात मफलर. खोली बघून म्हणाले, "छान केलंय की." मग पलंगाच्या अगदी कडेवर बसले, दुसऱ्याच्या गाडीत बसल्यासारखे. पाचेक मिनिटांत आई आली. तिच्याही हातात केकच होता. दोघांनी एकमेकांकडे न बघता एकमेकांचे खोके बघितले.

पूर्वी आई बाबांना 'अहो' म्हणायची. आता तो शब्द राहिला नव्हता आणि दुसरा सापडला नव्हता. त्यामुळे ती बोलायची ते हवेत बोलल्यासारखं.

"प्रवास बरा झाला का?" तिने खिडकीला विचारलं.

"झाला," बाबा म्हणाले.

थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग बाबांची नजर डोंगरावर गेली. त्यांनी उठून भिंतीला हात लावला. "ही ओल आहे. हिला खोकला धरेल अशाने."

"हॉस्टेल कोणी निवडलं होतं?"

"बघायला तू होतीस बरोबर."

"माझं कोण ऐकतं? तेव्हाही मी म्हणाले होते—"

"तेव्हा तू काहीच म्हणाली नव्हतीस, हीच तर अडचण आहे तुझी."

मनी उठून उभी राहिली. लहानपणी अशा वेळी ती पांघरुणात शिरायची. आताही पाय दाराकडे वळले. पण जाणार कुठे? ही तर तिचीच खोली. ती दारातूनच मागे फिरली.

"इथे भांडायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या घरी मी तुमच्या रीतीने राहते. हे माझं घर आहे. भांडायचंच असेल तर बाहेर व्हरांडा आहे. खुर्च्या देते."

दोघं वर्गात पकडलेल्या मुलांसारखे उभे राहिले. नेमकी तेव्हाच कागदी साखळीची कड ओल्या भिंतीवरून सुटली आणि बाबांच्या खांद्यावर घसरली. त्यांनी ती उचलून वर धरली. आईने पर्समधून दवाखान्यातली चिकटपट्टी काढली. तिचे तुकडे पाडता पाडता ती कधी पलंगावर चढली, ते तिचं तिलाही कळलं नसावं.

"किती वेळ धरून उभा राहू?" बाबा म्हणाले.

"मी सांगेपर्यंत. आणि हलायचं नाही, शहाण्या बाळासारखं."

ती दवाखान्यातली सवय होती. बोलून गेल्यावर आईने जीभ चावली. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मनीने पाठ फिरवून चहाचं पाणी ठेवलं.

मग दोन्ही केक कापले गेले. मनीने ठरवून दोन्हींचा एकेक तुकडा एकाच बशीत घेतला.

"उन्हाळ्याच्या सुट्टीचं काय?" आईने विचारलं.

"येईन ना. पण अर्धे-अर्धे दिवस मोजून नाही. यावंसं वाटेल तेव्हा, वाटेल तिथे. आणि एक रविवार असाच, इथे."

बाबांनी कप खाली ठेवला. "माझी हरकत नाही."

"माझीही नाही," आई म्हणाली. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मनीने किती वर्षांनी ऐकलं.

भेटीची वेळ संपली तशी ती दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेली. बाहेर गार वारा होता.

"स्टँडपर्यंत सोडू?" बाबांनी विचारलं.

"नको. जाईन मी चालत." आई दोन पावलं गेली आणि थांबली. या वेळी तिने सरळ त्यांच्याकडे बघितलं. "पोचलात की मनीला कळवा. रस्त्यात धुकं असेल."

बाबांनी मान डोलावली आणि गाडीचं दार उघडलं.

वर आल्यावर मनीने जिराफला फोन लावला.

"भांडले?"

"भांडले."

"मग?"

"मग मी रागावले, आणि ऐकलं त्यांनी."

पलीकडून जिराफचं मोठं हसू ऐकू आलं. मनीने दिव्यांची माळ लावली, पांघरूण पायांवर ओढलं आणि केकचे दोन्ही खोके मांडीवर घेऊन तिला सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.