भज्जीचा वास

"वास घ्या की नीट. तोंड काय वाकडं करून राहिलात?" तारामतीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

पातेल्यातली वाफ शेषेरावांच्या चष्म्यावर बसली होती. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा वाकले. आत तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ आणि बेसन असं सगळं एकत्र रटरटत होतं. येळवशीची भज्जी. आज येळवशी, म्हणजे वेळ अमावस्या, शेतातल्या लक्ष्मीच्या पूजेचा सण. दुपारी अख्खं अहमदपूर शेतात जेवणार होतं, आणि लक्ष्मीला नैवेद्य दाखवण्याआधी भज्जी जिभेला लावायची नसते. करणारीनं ती जमली का ते वासावरच ओळखायचं.

तारामतीबाईंना दिवाळीनंतरच्या तापापासून वास येत नव्हता. चवही गेली होती. परत येईल, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात हे फक्त शेषेरावांना माहीत होतं.

"मला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले. "पुनमला हाक मारू?"

पुनम म्हणजे धाकट्या भावाची, भागवतची सून. बाहेर ओसरीवर ती बाजरीच्या पिठाचे उंडे, वाफवायचे गोळे, वळत होती.

"नको," तारामतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिला कळलं की पळी गेली माझ्या हातची. द्यायचीच हाय कधीतरी. पण अशी न्हाई."

शेषेरावांना खरंच कळत नव्हतं. नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांचं आयुष्य गेलं. जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडं असे. वरण, भाकरी, दही एवढंच पोटात जाई, आणि भाजी ताटाच्या कडेला तशीच राही. येळवशीलाही ते आंबील आणि उंड्यांवरच निभावून नेत. आता साऱ्या घराची भज्जी त्यांच्या नाकावर उभी होती. त्यांनी डोळे मिटले.

"खळीसारखा येतोय," ते चाचरत म्हणाले. "पुस्तकं बांधायला पिठाची खळ शिजवायचो ना आम्ही, तसा."

तारामतीबाई हसल्या. "म्हंजी बेसन कच्चं हाय. ढवळा तुम्हीच."

ते ढवळत राहिले. हळूहळू खळीचा वास विरला, आणि त्याच्या मागून काहीतरी हिरवं वर आलं. शेंगा सोलताना बोटांना लागतं तसं. त्याच्याखाली लसूण, आणि कुठेतरी लांब मेथी. इतकी वर्षं हे याच घरात शिजत होतं. शेषेराव पातेल्यासमोर मान खाली घालून उभे राहिले, देवापुढे राहावं तसे.

"खळीचा गेला," ते कुजबुजले.

"मग उतरवा. पोळून घ्याल, फडकं घ्या."

शेतात कडब्याच्या कोपीत, छोट्या खोपटात, पूजा झाली. भागवतनं "ओलगे ओलगे" असा येळवशीचा घोष करत उभ्या ज्वारीवर आंबील शिंपडली. पंगत बसली. शेषेरावांनी भज्जीसाठी वाटी पुढे केली तेव्हा भागवत थांबलाच.

"अण्णा, तब्येत बरी हाय ना?"

सगळे हसले. मग जेवू लागले. "वहिनी, लई भारी," भागवत म्हणाला. "दरसालासारखीच," पुनम म्हणाली. तारामतीबाई कोणाकडेच बघत नव्हत्या. त्या फक्त नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

शेषेरावांनी घास घेतला. काहीतरी उणं होतं. पण सगळे भारी म्हणत होते, आणि ज्यानं जन्मात कधी भज्जी खाल्ली नाही त्यानं काय सांगावं? गप्प बसणं सोपं होतं. त्यांनी घास गिळला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

पुनम खाली बघत म्हणाली, "मलाबी वाटलं जरा. पण कसं म्हणावं मोठ्या आईला..."

"म्हणायचं," तारामतीबाई म्हणाल्या. "मला न्हाई लागत चव. दिवाळीपासून."

पुनम उठली आणि तिनं मिठाचा डबा त्यांच्यापुढे धरला. पळीला हात लावला नाही. तारामतीबाईंनी मीठ घातलं, ढवळलं आणि पहिली वाटी नवऱ्याला दिली.

आता प्रत्येक दाणा वेगळा झाला होता. शेषेरावांचे डोळे भरून आले. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

"सांगा की," म्हणत तारामतीबाईंनी स्वतःचा घास घेतला.

"आधी चिंच. मग तूर, जरा गोडसर. मेथी उशिरा येते, कडू, पण बरी वाटते."

"पुढं?"

"हरभरा. कोवळा हाय. दाताखाली आला की फुटतो, आणि आतून..." त्यांना शब्द सापडेना.

तारामतीबाई डोळे मिटून सावकाश चावत होत्या. मध्येच त्यांचा जबडा थांबला.

"हं," त्या म्हणाल्या. "फुटला."