आखराचा धनी

मी कोलू, गायकी. गावची ढोरं चारतो. सकाळी आखरावर उभा राहून हाळी देतो, मंग घराघरातून ढोरं सुटतात आन् गावाबाहेरच्या त्या मोकळ्या जागेत येऊन थांबतात. सारी जमली का जंगलाकडे हाकलतो. संध्याकाळी परत तिथीच आनतो, आन् तिथून ज्याची गाय त्याच्या घरी जाते. मधात मोहाचं मोठं झाड, त्याच्या सावलीत मातामायचा, म्हंजे गावदेवीचा गोटा, आन् खालतं ढोरं पानी पितात तो नाला. आखरच गेला तर गायकी कायचा? उद्या ज्यानं त्यानं आपलं ढोर आपल्या दावणीले बांधलं, तर माही चूल कोन पेटवन?

ही राजुऱ्याकडची गोष्ट, शहांशी सालची. कोळशाची खदान आमच्या गावाकडे सरकून राह्यली होती. खदानवाल्याहिले कोळशावरून काढलेली माती टाकाले जागा पाह्यजे होती. एक दिवस भर दुपारी तहसीलीतल्या साहेबाची जीप आली. आता दुपारी आखरावर कोन असते? मी जंगलात, ढोरं माह्यासंगं. साहेबाले दिसली मोकळी जागा. त्यानं तिथी कोनाले तरी इचारलं, जागा कोनाची? उत्तर भेटलं, कोनाचीच नाई जी. दुसऱ्या हप्त्यात कोतवालानं दवंडी देली, आखराची जागा बिनमालकीची निघाली, खदानीले जानार, कोनाची हरकत असन तर चावडीवर येऊन सांगा.

माह्यं डोस्कंच सनकलं. मी घरी येऊन बोंबललो, कोन तो हरामखोर, ज्यानं कोनाचीच नाई म्हनलं? सुकरी, माही बायको, भाकर थापता थापता म्हने, मले इचारलं असतं तर मी बी तेच सांगतलं असतं. तिचं काई चूक नव्हतं. आमच्या गावात आखराले कोनी माही म्हनत नाई. जागा मातामायची. जो माही म्हनन त्याच्या गोठ्यात रोग शिरते, असं म्हातारे सांगत आले. पन मले पटलं नाई. खदानवाल्याहिच्या चहाले कोनीतरी लागला होता, हे पक्कं.

माहा संशय हरिदासवर. त्याचं वावर आखराले लागून, म्हंजे दुपारी तो तिथीच असते. त्याचा भाचा खदानीत टरक चालवे. त्यात सारं गाव बोंबलून राह्यलं होतं आन् हा एकटा चूप. चूप मानूस मले आधीपासूनच पटत नाई. मी ढोरं मुद्दाम त्याच्या बांधावरून नेऊ लागलो. एक दिवस भाचा आला, दोघं बांधावर बसून बोलले. मी बोरीच्या आड उभा. आयकू काई आलं नाई, पन हरिदासनं मान हालवली. बस्स. मी सुकरीले सांगतलं, सौदा झाला. ती म्हने, मान तर आपला बैल बी हालवते.

वामनराव मातर जीव तोडून धावपळ करून राह्यले होते. गावातले मोठे शेतकरी, राजुऱ्याच्या वकिलाच्या घरी ऊठबस. त्याहिनंच आखरावर लोक जमवले, त्याहिनंच तोड काढली. म्हनले, साहेबाले धनी पाह्यजे ना, मंग देऊ धनी. साऱ्याहिनं चावडीवर एकेक करून उठाचं आन् सांगाचं, आखरात अमुक कोपरा माहा, माहा ताबा आहे.

लोक खाली पाहू लागले. म्हातारी बायनाबाई तर रडाले लागली. म्हने, दुपारी साहेबाले मीच सांगतलं कोनाचीच नाई म्हून, मले काय मालूम तो असा अर्थ काढन. मी मनात म्हनलं, वा रे वा, म्हातारीले कोनीतरी पढवून ठेवलं.

वामनरावनं सगळ्याहिसमोर मातामायपुढं नारळ फोडला. म्हनले, माय, हे खोटं तुह्यासाठीच बोलून राह्यलो, माफ कर. माह्या डोळ्याले पानी आलं. मानूस असावा तर असा, वाटलं.

तवा हरिदासनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "भाऊ, हे माही-माही म्हनाचं काई बरं नाई. सारे मिळून गावाची म्हना."

वामनराव हासले. गावाची म्हनलं का साहेब त्याले कोनाचीच नाई समजते, हे पाह्यलं ना आताच, म्हनले. माही तर टाळूच तापली. मी भर सभेत हरिदासले इचारलं, हे तुह्या भाच्यानं शिकवलं का? त्यानं गमछा झटकला आन् वावराकडे निंगाला.

चावडीवर साहेबापुढं वामनराव पहिले उठले. मोहाच्या झाडापासून नाल्यापर्यंतची जागा माही, माह्या आजापासून ताबा आहे, म्हनले. मंग एकेक उठला. बायनाबाईनं डोळे मिटून म्हनलं. मी बी उठून म्हनलं. शेवटी हरिदास उठला. माही नजर त्याच्या तोंडावर. तो बी माही म्हनला आन् खाली बसला. मले थोडं चुकल्यासारखंच झालं.

साहेबानं डोस्कं खाजवलं. म्हने, इतके धनी असतील तर खदानीले दुसरी जागा पाहू. पन एकदा येऊन ताबा पाहून जाईन, आन् एकाचा जरी खोटा निघाला तरी साऱ्याहिचा खोटा धरीन. गावात त्या रात्री ढोल वाजला.

सकाळी हाळी द्याले गेलो तं मोहाच्या झाडाभोवती काट्याचं कुंपन. झाडापासून पार नाल्यापर्यंत. सावली आत, पानी आत, मातामाय बी आत. वामनरावचे गडी खुटे ठोकून राह्यले होते. वामनराव बाजूलेच उभे होते. मी त्याहिले इचारलं, हे काय? म्हनले, साहेब येनार, त्याले ताबा दिसाले नको का? मी म्हनलं, मंग साहेब गेल्यावर काढसान ना?

"कोलू, चावडीवर मी काय म्हनलं, तू आयकलं ना?" वामनराव म्हनले.

ढोरं येऊन कुंपनाले तोंड लावून उभी राह्यली. लोक जमले. हरिदास बी आला. म्हने, भाचा मले खदानीत नोकरी लावून देऊन राह्यला होता, मी नाई म्हनलो, तू बोरीच्या आडून पाह्यलं ते तेच. मले कुठी तोंड लपवू असं झालं. गड्याहिले मारावं असं बी वाटलं. तितक्यात जीप आली.

साहेब उतरला, कुंपन पाह्यलं, आन् सरळ माह्याकडेच आला. "तू गायकी ना? रोज इथेच असतोस. ही जागा खरंच वामनरावांची आहे?"

सारं गाव माह्या तोंडाकडे पाहून राह्यलं होतं. वामनराव शांत उभे, पान चघळत. नाई म्हनलं तर साऱ्याहिचंच खोटं, आन् आखर मातीखाली.

"हो जी," मी म्हनलं. "त्याहिचीच आहे."

"कधीपासून?"

"आजापासून जी."