सीटखालचं बक्कल

बक्कल सापडलं तेव्हा गुरुशांतच्या दातांत सुई होती, म्हणून तो काही बोलला नाही. मग त्याने सुई काढून फोममध्ये खोचली. तरीही तो काही बोलला नाही.

आदिनाथ सरांची पांढरी गाडी 'सिद्धेश्वरी कुशन वर्क्स'च्या पत्र्याच्या शेडमध्ये चारही दारं उघडी टाकून उभी होती. मागच्या सीटचं कव्हर अर्धं सोललेलं. कव्हरखाली अर्धा इंच फोम, फोमखाली कंपनीची मूळची सीट आणि सीटच्या खाचेत सीटबेल्टचं बक्कल. लाल बटणाचं, नवंकोरं. गाडी सरांनी जुनी घेतलेली, पण दुधनीच्या पहिल्या मालकाने त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

गुरुशांतने ते लगेच ओळखलं. नऊ महिन्यांपूर्वी त्यानेच ते तिथे पुरलं होतं.

यात त्या गाडीशी त्याचं काही वैर नव्हतं. कामाची पद्धतच तशी होती. मागच्या सीटवर बक्कलं वर आलेली असली की कव्हर ताठ बसत नाही, आणि बसणाऱ्याला टोचतात. म्हणून ती खाचेत दाबायची आणि वरून कव्हर ओढून घ्यायचं. सीट कशी दिवाणासारखी सपाट दिसते. बावीस वर्षं गुरुशांतच्या मागच्या सीटा त्या सपाटपणासाठी सोलापुरात नावाजलेल्या होत्या. एखाद्याने विचारलंच तर तो म्हणायचा, "मागं कोण बेल्ट लावतंय ओ?" आणि गिऱ्हाईक हसायचं, कारण खरंच कोणी लावत नव्हतं.

या गाडीला तर त्याने जास्तीचं काम केलं होतं. गाडी न्यायला आले तेव्हा सरांची बायको ऋतुजा तान्ह्या लेकीला घेऊन मागे बसली आणि म्हणाली, "अण्णा, हितं कायतरी टोचतंय." गुरुशांतने तिला उठवलं, कव्हर उसवलं आणि बरोबर त्या जागी अर्धा इंच फोम घातला. फुकट. "आता कसं गादीवानी झालं," ती म्हणाली होती. त्या दिवशी तो घरी खुशीत गेला होता.

आदिनाथ सर समोरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आले. सर मूळचे करकंबचे, शाळा सोलापुरात. कोणतीही गोष्ट प्रार्थनेनंतरची सूचना वाचल्यासारखी सांगायची त्यांना सवय.

"डाग निघंल का अण्णा, का कव्हरच बदलायचं?"

डाग तळहाताएवढा होता. आता तपकिरी झाला होता.

"कशाचा हाय?"

"रक्ताचा. दिवाळी करून गावावरनं येत होतो. मोहोळच्या अलीकडं कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला. कुत्रं वाचलं." सरांनी फुंकर मारून चहा प्यायला. "सुकन्या हिच्या मांडीवर होती. ती दोन सीटच्या मधनं थेट गिअरच्या दांड्यावर. कपाळाला सात टाके, वरचा एक दात गेला. दुधाचा होता म्हणा."

गुरुशांतने हातातलं कव्हर हळूच पुन्हा बक्कलावर ओढलं.

"मेव्हण्यानं पुण्यावरनं बेबी सीट पाठवली हुती की," सर म्हणाले. "पण बांधायची कशाला? पट्टा हाय, त्याला अडकवायचं बक्कलच न्हाय गाडीत. पहिल्या मालकानं काढून ठिवलं असणार. त्या दुधनीच्या बसलिंगप्पाला फोन करून असा झापला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आन मग धा मिनिटं कानडीत बोलला. मला एक शब्द कळला न्हाय, पण आशीर्वाद नसावेत."

"मग ती बेबी सीट?"

"टीव्हीपुढं ठिवलीय. सुकू त्यात बसून भात खाती. घरात एकदम सेफ हाय पोरगी."

"आन वहिनी?"

"तिला काय झालं न्हाय. फकस्त रबरी बॉल दाबती. रोज सकाळी डाव्या हातानं शंभर, उजव्यानं शंभर. म्हणती, माझे हात सुटले, हातात ताकदच न्हाय. म्हटलं दाब बाई, व्यायाम वाईट न्हाय."

सांगायचं वाक्य चार शब्दांचं होतं. बक्कल हितंच हाय, सर. गुरुशांतने तोंड उघडलं. शब्द चारच आले, पण दुसरे.

"बक्कल बसवून देतो मी."

"तुमी? हितं?"

"बसवतो की. दोन्हीकडं बसवतो. तासाभरानं या."

सर गेल्यावर त्याने डागाचं कव्हर काढून माळ्यावर टाकलं, नवं चढवलं, ब्लेडने दोन चिरा दिल्या आणि बक्कलं वर ओढली. बक्कलांचं काम चार मिनिटांत संपलं. चार मिनिटांत बक्कल बसतं यावर शिक्षकाचा विश्वास बसणार नाही, म्हणून उरलेला वेळ तो ड्रिल मशीन हवेत चालवत बसला. मधे एकदा थांबून त्याने बिटही बदलला.

कोपऱ्यात शिलाई मशीनवर त्याची बायको सिद्धेश्वरी कव्हरं शिवत होती. दुकान तिच्या नावाचं होतं, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता.

"हवेला भोकं पाडून काय बसवायलाय ओ?"

ड्रिलच्या आवाजात ऐकू आलं नाही असं त्याने दाखवलं.

सर आले. त्यांनी बक्कलात पट्टा अडकवला, काढला, परत अडकवला. मजुरी विचारली. गुरुशांत म्हणाला, "लेकराच्या कामाचं काय घ्यायचं." एवढं एक वाक्य तो बोलला नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

शिक्षकांचे जिल्ह्यात किती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत हे शिक्षकांनाही माहीत नाही, पण सरांचा मजकूर त्या सगळ्यांवर गेला. 'बाळांच्या सुरक्षेसाठी मोफत बक्कल बसवणारा देवमाणूस.' खाली पत्ता आणि सात हात जोडलेले.

गाड्या येऊ लागल्या. अक्कलकोटहून आल्या, बार्शीहून आल्या. बहुतेक गाड्यांत गुरुशांतचीच कव्हरं होती, लाल दुहेरी काठाची. त्याने शेडला पडदा लावला. कामाला एकाग्रता लागते म्हणून आत कोणाला सोडेना. पडद्यामागे तो आपणच गाडलेली बक्कलं एकेक करून उकरून काढायचा आणि मग नियमाने ड्रिल चालवायचा. बाहेर बाकड्यावर बसलेले आईबाप आवाज ऐकून माना डोलवायचे. एक जण म्हणाला, "आवाजावरनंच कळतंय, काम पक्कं हाय."

"सांगून टाका की ओ," सिद्धेश्वरी म्हणाली.

"काय सांगू? बावीस वर्षं लोकांच्या बुडाखाली बक्कलं पुरली म्हणून?"

"व्हय, त्येच."

"धंदा बसंल."

"ड्रिल तर वाचंल."

संध्याकाळी तो स्कूटरवरून घरी निघाला की सात रस्त्याच्या सिग्नलला हमखास एखादी गाडी शेजारी थांबायची. आत लाल दुहेरी काठ. मागच्या सीटवर आई, मांडीवर लेकरू. नाहीतर लेकरू सीटवर उभं राहून खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं. एकदा अशाच एका लेकराने त्याला टाटा केला. त्यानेही हात हलवला. मग सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी तो आपल्या त्या हाताकडे बघत उभा होता.

जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला आणि शिक्षकांच्या एका मंडळाने गुरुशांतचा सत्कार ठरवला. सोलापुरात सत्कार करायचा म्हणजे शाल द्यायची की चादर यावर मंडळात दोन गट पडले, म्हणून त्याला दोन्ही देण्यात आलं. एका खांद्यावर शाल, दुसऱ्यावर चादर, मांडीवर नारळ, असा तो खुर्चीत बसला. त्याला जागेवरून हलता येत नव्हतं. बांधून ठेवलेलं माणूस कसं सुरक्षित दिसतं, ते त्या दिवशी सभागृहाने पाहिलं.

आधी ऋतुजाला बोलायला बोलावलं. कडेवर सुकन्या. कपाळावरचा व्रण अजून गुलाबी. ऋतुजा माइकपासून लांबच उभी राहिली.

"मला भाषण येत न्हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या हातनं लेकरू सुटलं. आईच्या हातनं सुटायला नको हुतं. अण्णांनी ते बक्कल बसवलं, म्हणून आता मला गाडीत बसायची हिंमत हुती. एवढंच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुशांतला नारळ जड वाटू लागला.

त्याला बोलायला उभं केलं तेव्हा शाल एकीकडून सुटली आणि चादर दुसरीकडून. त्याने दोन्ही उचलली नाहीत.

"मी बक्कलं बसवली न्हाईत," तो माइकवर म्हणाला. "ती गाडीत हुतीच. मीच पुरली हुती. बावीस वर्षं पुरतोय."

सभागृहात हशा पिकला.

"खरं सांगायलोय. ड्रिलबी खोटं हाय. ते मी हवेत चालवतो."

हशा वाढला. आदिनाथ सर तर डोळे पुसत होते. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "बघा! एवढं मोठं काम करून श्रेय घ्यायला तयार नाहीत. आणि विनोदबुद्धी बघा!"

"माझं ऐका की ओ—"

टाळ्या इतक्या वाजल्या की त्याचं पुढचं ऐकूच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलला, आणि लोकांना तो इतका कधीच आवडला नव्हता.

दुसऱ्या रांगेत ऋतुजा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पांढरी गाडी शेडसमोर थांबली. मागे बेबी सीट पट्ट्याने बांधलेली, तिच्यात सुकन्या. शेजारी ऋतुजा. "तुमी चहा पिऊन या," तिने नवऱ्याला सांगितलं. सर गेले. ती उतरली.

"काल तुमी हसवायला बोलला न्हाईत."

"न्हाय, वहिनी."

"मग दाखवा."

गुरुशांतने माळ्यावरून जुनं कव्हर काढलं. डागाचं. तीन महिन्यांत ते त्याला टाकताही आलं नव्हतं आणि वापरताही. बेबी सीटच्या शेजारची जागा मोकळी होती. तिथलं बक्कल त्याने खाचेत दाबलं, फोम ठेवला आणि कव्हर होतं तसं ओढून दिलं. सीट दिवाणासारखी सपाट झाली. काम सुरेख होतं, त्याला काही इलाज नव्हता.

ऋतुजाने डागाच्या बाजूने हात फिरवला. काही लागलं नाही.

"कुटं?"

"जरा उजवीकडं. दाबून बघा."

तिने दाबलं. मग थांबली.

"हे टोचत हुतं मला."

"व्हय."

"मी ह्याच्यावरच बसले हुते. त्या दिवशी."

"व्हय."

शिलाई मशीनचा आवाज बंद झाला होता. सुकन्या आपल्या सीटमध्ये पट्ट्याचं टोक चघळत होती.

"अण्णा, हातानं धरून लेकरू ऱ्हातं का ओ? खरं सांगा."

"न्हाय. पैलवानाच्याबी हातात ऱ्हात न्हाय, वहिनी. ते पट्ट्याचं काम हाय. हाताचं न्हवंच."

ती बराच वेळ त्या सपाट जागेवर हात ठेवून वाकून उभी राहिली. मग तिने पर्समधून पिवळा रबरी बॉल काढला आणि गुरुशांतच्या हातात दिला. नुसता दिला.

"तीन महिने," ती म्हणाली.

गुरुशांत बॉल धरून उभा राहिला. माफी मागायची म्हणून त्याने रात्रभर जुळवलेली दोन वाक्यं होती. त्यातलं एकही आता कामाचं वाटेना.

"चुकलो," एवढंच तो म्हणाला.

"बाहेर लिहून लावा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात. पडदा काढा तो. आन ह्यांना मी सांगीन. तुमी सांगितलं तर परत टाळ्या वाजवतील."

तिने जुनं कव्हर स्वतःच ओढून बाजूला केलं, बक्कल वर काढलं आणि सीटवर जाऊन बसली. बोर्ड होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

गुरुशांतने पांढऱ्या रेग्झिनचा तुकडा कापला आणि ब्रशने लिहिलं: 'आमच्याकडून कव्हर घातलेल्या गाड्यांची मागची बक्कलं सीटखालीच आहेत. ती आम्हीच झाकली. मागे लेकरं बसतात. येऊन मोकळी करून न्यावीत. बक्कल नवीन बसत नाही, असतंच.' रंग वाळल्यावर सिद्धेश्वरीने त्याला लाल दुहेरी काठ शिवला. सवयीने.

चहावरून आलेल्या आदिनाथ सरांनी बोर्ड दोनदा वाचला. एकदा शुद्धलेखनासाठी, एकदा अर्थासाठी. खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिला. "बसलिंगप्पाला फोन करायला पाहिजे," ते शेवटी म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

गुरुशांत स्टुलावर चढून बोर्डाला खिळा ठोकत होता. खाली गाडी सुरू झाली. मागून 'खट्' असा बारीक आवाज आला. ऋतुजाने स्वतःचाही पट्टा लावला होता.

गाडी वळली तेव्हा त्याला खिडकीतून दिसलं. सुकन्या मान कलती करून झोपली होती, पट्ट्याने धरून ठेवलेली. शेजारी तिची आई. तिचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते, आणि ते आता कुठे ठेवायचे हे न कळल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत होती.