चुडामण आबांचा नाच माझ्या पोटात होता

माझ्या मरणात दोघांचा फायदा होता, मित्रांनो. भूषणला नवा कॉम्प्युटर मिळणार होता आणि चुडामण आबांची अब्रू वाचणार होती.

मी चोपड्याच्या एका फोटो स्टुडिओतली जुनी हार्ड डिस्क. दिसायला डब्याएवढी, पण अर्ध्या तालुक्याची लग्नं मी पोटात सांभाळली आहेत. कुठल्या नवरदेवाचं टक्कल झाकलं, कुठल्या करवलीला किती उजळवलं, सगळं मला ठाऊक. चुगली मात्र कधी केली नाही.

मालक पंडितभाऊंचा माझ्यावर फार जीव. मे महिन्यात ते कूलरचं तोंड माझ्याकडे करायचे आणि स्वतः बनियनने घाम पुसत बसायचे. ती ओली हवा वर्षानुवर्षं माझ्या अंगात मुरली. यंदा एका सकाळी स्क्रीनवर आलं, डिस्क सापडत नाही.

भाऊंच्या मुलाने, भूषणने, मला हलवून पाहिलं न पाहिलं आणि निकाल दिला, "गेली ही. आता नवा कॉम्प्युटरच घ्या."

पण सारिकाच्या लग्नाचे फोटो फक्त माझ्याकडे होते. पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड भाऊंनी पुसून टाकलं होतं. सारिकाची आई प्रमिलाबाई दुकानात आली आणि बाकावर ठाण मांडून बसली. तिचा नवरा चुडामण आबा दारातच उभे. हा माणूस गावातली भांडणं मिटवणारा, हसला तरी मिशीच्या आत. पण लेकीच्या हळदीला बँड वाजला आणि आबा दातात रुमाल धरून नाचले. दुसऱ्या दिवसापासून साफ इन्कार.

"भाऊ, अल्बम ऱ्हाऊ दे," प्रमिलाबाई आबांकडे बोट दाखवत म्हणाली. "ह्या नाचनात तो एक फोटो काढी दे. बठ्ठा गाव हासना, नि आते म्हनतस, मी नाचनूच नही."

आबा रस्त्यावरची एसटी पाहत राहिले.

भूषणला हसू आलं आणि त्याच हसण्यात त्याचा नवा कॉम्प्युटर लांबला. त्याने वायर बदलून पाहिली, वीज दुसरीकडून दिली. मी गप्पच. मग त्याने माझ्या पाठीवरची सर्किटची हिरवी पाटी स्क्रू काढून उलटी केली. जोडाचे सगळे ठिपके कूलरच्या ओलीने काळे पडले होते. साध्या खोडरबरने त्याने ते घासले, पाटी परत बसवली, आणि मी घुरघुरले. जुनी आहे, पण शब्द पाळते. एकही फोटो हरवला नव्हता. पहिलं काम म्हणून त्याने सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

मित्रांनो, जीव लावायचाच तर असा लावा. आमच्या पोटातल्याची दुसरी प्रत ठेवा, आणि कूलर स्वतःकडे फिरवा.

स्क्रीनवर आबा नाचत होते. प्रमिलाबाई पदराआड हसत होती. आबा मात्र जवळ आले आणि फोटोच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथे हळदीने माखलेली सारिका पोट धरून हसत होती. नाचणाऱ्याला ते कुठून दिसणार? त्यांनी पाहिलेली सारिका सासरी निघताना रडणारी.

"हाऊ मोठा करी दे," त्याच फोटोवर बोट ठेवून आबा हळूच म्हणाले. "फ्रेम लाईसन."

मी वाचले, भाऊंची पत राहिली, प्रमिलाबाईला पुरावा मिळाला. पैसे चुडामण आबांनी दिले.