धरणाच्या टोकावरची भाकर

दसरा झाला होता आणि परवा ऊसतोडीची गाडी निघणार होती. रामहरीचा मुलगा आणि सून दरवर्षी कारखान्याला जातात, बरोबर नात वैष्णवीही जाते. ती परत येते तोवर वर्गातली पोरं फार पुढे गेलेली असतात. मग संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर पुस्तक घेऊन बसते आणि राहिलेलं गोळा करते.

यंदा तिला गावातच ठेवा, असं मी सुचवलं होतं. सून नाही म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, की सासूबाई आता नाहीत, मग पहाटे चूल कोण पेटवणार? म्हाताऱ्याचं रांधून पोरगी शाळेत डुलक्याच घेणार असेल, तर आमच्याजवळच बरी. तिचं काही चुकत नव्हतं. रामहरी मान खाली घालून ऐकत होता.

आज सकाळी तोच मोटारसायकल घेऊन माझ्या दारात आला. धरण भरलंय, बघून येऊ म्हणाला. एकाएकी कसं सुचलं, असं विचारलं तर त्यानं मागच्या सीटवर नुसती थाप मारली. हँडलला फडक्यातलं गाठोडं लटकत होतं.

केज मागं टाकून आम्ही मांजरा धरणाच्या फुगवट्यापाशी पोचलो. तिथं माळाची एक लांब जीभ पाण्यात शिरली आहे. टोकावर वारा इतका, की रामहरीनं टोपी खिशात कोंबली आणि मी चष्मा धरून बसलो. समुद्रात असं टोक असलं की त्याला भूशिर म्हणतात, मी सांगितलं. जन्मभर पोरांना नकाशावर दाखवलं, पण समुद्र काही पाहिला नाही.

"मग ह्येलाच समज," तो म्हणाला. "पानी तिकडंबी वलंच असंल."

वाऱ्याकडं पाठ करून त्यानं गाठोडं सोडलं. आत भाकरी होत्या. मधे काळ्या, आणि कडा नकाशातल्या किनाऱ्यासारख्या फाटलेल्या. सुनेनं घाईत केल्या का, मी विचारलं.

"म्या थापल्यात."

शेतातल्या खोपीत तो गुपचूप शिकत होता. आधी केलेल्या भाकरी कुत्र्यानं खाल्ल्या. गावात कुणी पाहिलं असतं, तर पारावर वर्षभर तोच विषय झाला असता.

"हितं हसायला कोन न्हाई. आन तू पोरांशीबी खोटं बोलत न्हाईस, गुरुजी. सांग, वैष्णवी खाईल का?"

मी तुकडा मोडला, चटणीला लावला, सावकाश चावला. पाटी पुढं करून उभं राहिलेलं पोर जसं बघतं, तसा तो बघत होता. अशा वेळी घाईनं शाबासकी दिली की शिकणं तिथंच थांबतं.

"मधे जळलीय, कडेला कच्ची आहे. तव्याखाली जाळ पसरत नाही तुझा," मी म्हटलं. "पण पोर उपाशी राहणार नाही."

"परवापस्तोर जमंल?"

"आज संध्याकाळी सुनेसमोर थाप."

सुनेच्या देखत चुलीपुढं बसायचं, हे त्याच्या घरात कधी झालं नव्हतं.

"हसंल ती," तो म्हणाला.

"हसू दे. हसून झालं की शिकवील."

पुढचा घास त्यानंच मोडला. आम्ही जळक्या भाकरी खाल्ल्या. त्यातल्या त्यात बरी एक त्यानं बाजूला काढली, फडक्यात गुंडाळली आणि मोडू नये म्हणून सदऱ्याच्या आत घातली.

"ही सुनेला दावतो," म्हणाला.

परतताना मी त्याला कमरेला न धरता खांद्याला धरून बसलो.